समाज आणि मन : एक जोडअभ्यास

विद्यापीठाच्या प्रवेशपत्रिकेवर समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे दोन विषय बहुधा शेजारींशेजारींच छापलेले असतात. ती भरणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतें, एक विषय एकट्या माणसाचा, दुसरा अनेक माणसांचा. एक समजला कीं दुसरा आपोआप समजावा. घरांतील वडील मंडळींना निराळीच शंका येते. दोन्ही विषय सोपे, दोन्हींत सर्वांना ठाऊक असलेलेंच अवघड शब्दांत सांगितलेलें, आणि दोन्हींच्या शेवटीं नोकरी कोणती तें कोणालाच सांगतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें असतें. वडील मंडळींच्या शंकेचा परामर्श पुढें घेतां येईल. विद्यार्थ्याची समजूत मात्र आधींच दूर केली पाहिजे, कारण ती अधिक फसवी आहे. हे दोन विषय एकमेकांना पूरक म्हणून जन्मास आले नाहींत. ते भांडत भांडत वाढले, आणि तें भांडण ज्याला समजलें नाहीं, त्याला दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळाले तरी विद्या मिळाली असें म्हणतां येणार नाहीं.

भांडण कशाबद्दलचें आहे, तें घराजवळच्या एका उदाहरणावरून पाहावें. महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणजे तें प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें जातें. जमीन कुटुंबाच्या नांवें होती काय, बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें कर्ज थकलें होतें काय, वसुलीचा तगादा होता काय, नापिकी झाली होती काय, हें पाहून समिति तें प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविते. पात्र ठरल्यास वारसांना शासकीय साहाय्य मिळतें. मृत्यूचें कारण व्यसन, आजार किंवा घरगुती कलह असल्याचें कागदावर आलें, तर साधारणतः मिळत नाहीं. म्हणजे मृत्यु एकच. परंतु त्याचें कारण माणसाच्या बाहेर शोधावयाचें कीं आंत, यावर त्याच्यामागें राहिलेल्या बाईच्या घरीं पुढील हंगामाचें बियाणें येणार कीं नाहीं हें ठरतें. समाजशास्त्र म्हणतें, बाहेर पाहा. मानसशास्त्र म्हणतें, आंत पाहा. समितीला मात्र दोहोंपैकीं एकच शब्द लिहावयाचा असतो.

हा प्रश्न विदर्भांत उपस्थित होण्याच्या शंभर वर्षें आधीं तो फ्रान्समध्यें विचारला गेला होता. १८९७ सालीं एमिल दुर्खेम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजशास्त्र हें स्वतंत्र शास्त्र आहे, मानसशास्त्राची तें उपशाखा नव्हे, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. आणि त्यासाठीं त्यांनीं मुद्दाम असें कृत्य निवडलें कीं, ज्याच्याइतकें खासगी कृत्य दुसरें नाहीं. त्यांचे भाचे मार्सेल मॉस यांनीं सुमारें २६,००० आत्महत्यांच्या नोंदी त्यांच्यासाठीं वय, लिंग आणि विवाहस्थिति पाहून निवडून दिल्या. त्या नोंदींतून जें दिसलें तें चमत्कारिक होतें. आत्महत्या करणारीं माणसें दरवर्षीं निराळीं असूनहि प्रत्येक देशाचें प्रमाण वर्षानुवर्षें जवळजवळ स्थिर राहतें. कॅथॉलिक लोकांत तें कमी, प्रॉटेस्टंटांत अधिक. विवाहितांत कमी, अविवाहितांत अधिक. युद्धाच्या काळांत तें उतरतें. आर्थिक संकट ओढवलें म्हणजे तें वाढतें हें कोणालाहि पटेल. परंतु अकस्मात् भरभराट झाली म्हणजेहि तें वाढतें, हें पटण्यास कठीण आहे. दुर्खेम यांनीं त्याचें उत्तर असें दिलें कीं, माणसाच्या इच्छांना समाज जी मर्यादा घालतो, ती दोन्ही प्रसंगीं एकदम ढासळते. दारिद्र्य मारीत नाहीं. माप हरवणें मारतें. असें असेल तर मयताच्या मनांत शिरून काय उपयोग? कारण मनांत नाहींच मुळीं.

याला उत्तर देणारा प्रतिपक्षी त्याच काळीं आणि त्याच देशांत होता. गाब्रिएल तार्द हे मूळचे न्यायाधीश. पुढें न्यायखात्याच्या गुन्हेविषयक आंकडेवारीचे ते प्रमुख झाले. मॉस यांनीं ज्या नोंदी चाळल्या त्या याच तार्द यांच्या कचेरींतल्या, आणि त्या पाहण्याची परवानगी त्यांनींच दिली होती. विद्वानांच्या भांडणांत इतकें औदार्य क्वचित्‌च दिसतें. तार्द यांचें म्हणणें असें कीं, 'समाज' नांवाची वस्तु माणसांवेगळी कोठेंच नाहीं. एक माणूस दुसऱ्याचें पाहून करतो, तिसरा दुसऱ्याचें पाहून करतो, आणि या अनुकरणाच्या लाटा एकमेकींवर आदळतात, त्यांनाच आपण रूढि, भाषा, धर्म, फॅशन अशीं नांवें देतों. १८९० सालीं त्यांनीं अनुकरणाचे नियमच ग्रथित केले होते. १९०३ सालीं पॅरिसमध्यें हे दोघे एका सभेंत समोरासमोर आले. कोणीहि कोणाचें मत बदललें नाहीं, आणि पुढच्याच वर्षीं तार्द वारले. विद्यापीठांत पुढें दुर्खेम यांचा पक्ष विजयी झाला, आणि तार्द यांचें नांव कित्येक दशकें तळटीपांत पडून राहिलें.

फ्रान्समध्यें विसरले जात असलेले हे तार्द न्यू यॉर्कमधील एका मराठी विद्यार्थ्याच्या मात्र उपयोगी पडले. ९ मे १९१६ रोजीं कोलंबिया विद्यापीठांत मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रांत भीमराव रामजी आंबेडकर यांनीं हिंदुस्थानांतील जातींची रचना, उत्पत्ति आणि वाढ यांवर एक निबंध वाचला. तेव्हां त्यांचें वय २५ वर्षांचें होतें. पुढील वर्षीं तो 'इंडियन अँटिक्वरी'मध्यें छापला गेला. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा जोडअभ्यास म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना त्या काळच्या लेखनांत शोधून सांपडावयाचा नाहीं; आणि तरी या दृष्टीनें तो निबंध आपल्याकडे फारसा वाचला जात नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

निबंधाचा पहिला भाग निव्वळ समाजशास्त्राचा, किंबहुना अंकगणिताचा आहे. जात म्हणजे ज्यांचे विवाह आंतल्या आंतच होतात असा गट. आतां अशा गटांत स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळलेलीच राहिली पाहिजे. पति वारला तर एक स्त्री जास्त होते. पत्नी वारली तर एक पुरुष जास्त होतो. जास्त झालेली स्त्री गटाबाहेर विवाह करील किंवा गटांतील दुसऱ्या स्त्रीचा वर घेईल. दोन्ही गोष्टींनीं बंदिस्तपणा मोडतो. म्हणून तिला पतीबरोबर जाळावें, किंवा आमरण विधवा ठेवावें. विधुर पुरुषाला जाळणें परवडत नाहीं आणि संन्यासी करणें साधत नाहीं. म्हणून त्याला विवाहयोग्य होण्यापूर्वींच्या वयांतील मुलगी द्यावी. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींचा उगम असा एकाच हिशेबांत दाखविला आहे. धर्मशास्त्रांतील गौरवाचीं वचनें मागाहून आलीं, असें त्या तरुण विद्यार्थ्याचें मत होतें.

परंतु येथें हिशेब संपतो. एका वर्गानें स्वतःभोंवतीं कुंपण घातलें हें मानलें, तरी बाकीच्यांनीं तें आपल्याभोंवतीं कां घालून घ्यावें? सक्ति म्हणावी तर इतक्या मोठ्या प्रदेशावर इतकीं शतकें सक्ति करणारी सत्ता दाखवितां येत नाहीं. या ठिकाणीं आंबेडकर तार्द यांच्याकडे वळले. अनुकरण वरून खालीं वाहतें, आणि अंतर जितकें कमी तितकें तें तीव्र असतें, हे तार्द यांचे दोन नियम. ते जातींना लावून पाहतां असें दिसतें कीं, ब्राह्मणांच्या निकटच्या जातींनीं तिन्ही रूढि उचलल्या. त्यांहून कांहीं दूर असलेल्यांनीं सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह हे दोनच घेतले. आणखी दूरच्यांनीं केवळ बालविवाह. आणि सर्वांत दूर असलेल्यांनीं केवळ जातिभेदाची श्रद्धा. रचनेनें जें उलगडत नव्हतें तें मनानें उलगडलें. आणि मनाचा तो नियमहि रचनेंतील अंतर मोजल्यावांचून लागू पडत नव्हता. हाच विषय पुढें १९५२ सालीं म्हैसूरचे श्रीनिवास यांनीं कूर्ग लोकांवरील आपल्या ग्रंथांत मांडला, आणि 'संस्कृतीकरण' या शब्दानें तो जगभर शिकविला जाऊं लागला. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठांत प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखालीं शिकलेले होते.

घुर्ये यांचें नांव निघाल्यावर त्यांच्या गुरूंविषयीं बोलल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं समाजशास्त्राचा विभाग उघडला, आणि नगररचनेचे प्रसिद्ध तज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांना तेथें पहिले प्राध्यापक म्हणून नेमलें. त्यांच्या शिफारशीनें मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये विलायतेस गेले. लंडनमध्यें त्यांचें मन रमलें नाहीं. ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. हे रिव्हर्स पेशानें वैद्य, अभ्यासानें मानसशास्त्रज्ञ आणि कीर्तीनें मानववंशशास्त्रज्ञ. केंब्रिजमध्यें प्रायोगिक मानसशास्त्राचें शिक्षण सुरूं करणाऱ्यांपैकीं ते एक. १८९८ सालीं ते ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीकडे गेलेल्या तुकडींत होते. 'रानटी' लोकांची दृष्टि युरोपियनांहून अतिशय तीक्ष्ण असते, असा त्या काळीं समज होता. रिव्हर्स यांनीं तेथील बेटांवर डोळे तपासले. फरक फारसा निघाला नाहीं. बेटावरच्या माणसाला लांबची होडी आधीं ओळखूं येते, ती त्याचा डोळा निराळा म्हणून नव्हे. काय पाहावयाचें तें तो लहानपणापासून शिकलेला असतो म्हणून.

या तपासणींतून एक अनपेक्षित वस्तु हातीं आली. दृष्टीसारखे गुण कुटुंबांत उतरतात काय, हें पाहण्यासाठीं रिव्हर्स यांनीं बेटावरील माणसांच्या वंशावळी टिपण्यास आरंभ केला. आईचें नांव काय, बापाचें काय, भावंडें किती, तीं कोणाशीं विवाहित झालीं. टिपतां टिपतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, डोळ्यांविषयीं या कागदांतून फारसें निघणार नाहीं. पण साऱ्या समाजाची घडण मात्र त्यांत उतरली आहे. विवाह कोठें होतात, जमीन कोणाकडे जाते, कोण कोणाला काय म्हणतो, सर्व कांहीं. ही वंशावळीची रीति पुढें मानववंशशास्त्राचें मुख्य हत्यार बनली. निलगिरीवरील तोडा लोकांवर १९०६ सालीं त्यांनीं जो ग्रंथ लिहिला, तो याच रीतीनें. मनाचा शोध घेण्यासाठीं काढलेली वही समाजाच्या कामीं आली.

उलट दिशेचा अनुभवहि रिव्हर्स यांनाच यावयाचा होता. पहिल्या महायुद्धांत एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथें मन खचलेल्या सैन्याधिकाऱ्यांवर ते उपचार करीत होते. कवि सिगफ्रीड ससून हे १९१७ सालीं त्यांचे रोगी होते. युद्धांतील मनोविकारांचें निरीक्षण करतांना त्यांना आढळलें कीं, अधिकाऱ्यांना झोप न येणें, दुःस्वप्नें, सततची चिंता असे विकार जडतात. साध्या शिपायाची मात्र वाचा बसते, किंवा हातपाय लुळे पडतात. खंदक तोच, तोफा त्याच. मग विकार निराळे कां? रिव्हर्स यांनीं त्याचें कारण दोहोंच्या शिक्षणांत आणि दर्जांत शोधलें. भीति दाखवावयाची नाहीं असें ज्याला शाळेपासून शिकविलें गेलें आणि ज्याच्यावर इतरांचा भार आहे, त्याची भीति आंत कोंडते. ज्याला केवळ आज्ञा पाळावयाच्या आहेत, त्याचें शरीरच आज्ञा पाळावयाचें नाकारतें. रोग मनाचा खरा, पण त्याचें रूप सामाजिक पायरीनें ठरलेलें. अशा गुरूकडे घुर्ये यांस थोडाच काळ मिळाला. जून १९२२ मध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले, आणि घुर्ये यांचा प्रबंध हॅडन यांच्या देखरेखीखालीं पुरा झाला. १९२४ सालीं ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९३२ सालीं त्यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ आला. मुंबईचें समाजशास्त्र मात्र पुढें ग्रंथ, इतिहास आणि रूढि यांच्याकडे अधिक झुकलें. रिव्हर्स यांची वैद्याची बाजू त्यांत उतरली नाहीं.

ती बाजू हिंदुस्थानांत दुसरीकडे वाढत होती. कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला आणि तो हार्वर्डला शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे सोंपविला. सेनगुप्त पुढें लखनौस गेले. तेथें समाजशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी होते. दोघांनीं मिळून १९२८ सालीं सामाजिक मानसशास्त्रावर एक पाठ्यग्रंथ लिहिला. इंग्लंड-अमेरिकेंत या विषयावर अशा शीर्षकाचे दोन ग्रंथ १९०८ सालीं निघाले होते. एक मानसशास्त्रज्ञ मॅक्‌डूगल यांचा, दुसरा समाजशास्त्रज्ञ रॉस यांचा. आणि दोहोंचा एकमेकांशीं कांहींच संबंध नव्हता. लखनौस निदान दोघे एका मेजाशीं बसले.

आणि मग १९३४ सालचा भूकंप आला. १५ जानेवारीस दुपारीं बिहार आणि नेपाळ हादरले; हजारों माणसें गेलीं, गांवेंच्या गांवें जमिनींत खचलीं. त्यानंतरच्या दिवसांत बिहारमध्यें ज्या अफवा उठल्या, त्या जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानें टिपून ठेवल्या आणि पुढील वर्षीं ब्रिटिश मानसशास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या. पाटण्यावर मोठें वादळ येणार. अमुक तारीख घातक आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशीं याहून भयंकर भूकंप होणार. प्रसाद यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. ज्या प्रसंगाचा अर्थ लागत नाहीं आणि जो पडताळून पाहतां येत नाहीं, असा प्रसंग साऱ्या समूहाच्या भावना हालवून गेला म्हणजे अफवेला बीं मिळतें, ही एक. आणि तिला रूप मिळतें तें त्या समूहाच्या परंपरागत कल्पनांतून, ही दुसरी. ग्रहणाचा दिवस हा कोणा एकट्याच्या डोक्यांतून निघालेला नव्हता. तो पंचांगांतून आलेला होता.

हा लेख बरीच वर्षें ग्रंथालयांत स्वस्थ पडून होता. पुढें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांच्या तो वाचनांत आला, आणि त्यांना त्यांत एक कोडें दिसलें. या अफवा जेथें घरें पडलीं तेथल्या नव्हत्या. जेथें धक्का जाणवला पण नुकसान झालें नाहीं, तेथल्या होत्या. जो वांचला त्यानें आपली भीति शमेल असें कांहीं बोलावें, कीं ती वाढेल असें? फेस्टिंगर यांनीं उत्तर दिलें तें असें: माणूस भ्यालेला आहे, पण भिण्यासारखें समोर कांहींच नाहीं; ही विसंगति त्याला सोसत नाहीं. म्हणून तो भीतीला शोभेल असें संकट कल्पून काढतो. अफवा भीति उत्पन्न करीत नाहीं, भीतीला कारण पुरविते. याच सुमारास दुर्गानंद सिन्हा यांनीं १९५० च्या दार्जिलिंगच्या दरडींनंतरचें वृत्त दिलें होतें. तेथें लोकांनीं विध्वंस डोळ्यांनीं पाहिला होता. आणि तेथें पुढील अनर्थाच्या तशा अफवा उठल्या नाहींत. या दोन भारतीय अभ्यासांच्या आधारें फेस्टिंगर यांचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत आकारास आला. आज मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो पाठ असतो. त्याच्या मुळाशीं बिहारचा भूकंप होता, हें मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाहीं.

दोन्ही शास्त्रें एका छपराखालीं आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९४६ सालीं हार्वर्डला झाला. टालकट पार्सन्स यांच्या नेतृत्वाखालीं समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, रोगविषयक मानसशास्त्र आणि सामाजिक मानववंशशास्त्र यांचा 'सामाजिक संबंध' या नांवाचा एक विभाग उघडला. ऑलपोर्ट, मरे, क्लकहोन असे मोठमोठे लोक त्यांत होते. प्रयोगशाळेंतले मानसशास्त्रज्ञ मात्र वेगळेच राहिले. तेवढ्यावरूनच पुढचें ओळखावयास हरकत नव्हती. २६ वर्षांनीं, १९७२ सालीं, तो विभाग मिटला आणि जो तो आपापल्या घरीं परतला. सर्वांना एकत्र बांधणारा एक महासिद्धांत निर्माण करावा ही पार्सन्स यांची हौस होती. तो सिद्धांत आज फारसा कोणी वाचीत नाहीं. टिकलें तें बारीक आणि ठोस काम. त्याच विभागांतील सॅम्युएल स्टौफर यांनीं दुसऱ्या महायुद्धांत पांच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिकांना प्रश्न विचारले होते, त्याचा वृत्तांत १९४९ सालीं निघाला. विमानदळांत बढत्या झपाट्यानें होत. लष्करी पोलिसांत फारच क्वचित्. तरी बढतीविषयीं नाराजी अधिक आढळली ती विमानदळांत. जेथें शेजारचा प्रत्येक जण वर चढतो, तेथें खालीं राहिलेल्याला तें सलतें. जेथें कोणीच चढत नाहीं, तेथें कोणाला कांहीं वाटत नाहीं. दुर्खेम यांनीं जें 'माप' म्हटलें होतें तें येथें, प्रश्नावलींतून, एकेका शिपायाच्या मनांत मोजलेलें दिसतें.

आतां वडील मंडळींची शंका. या अभ्यासानंतर नोकरी मिळते काय? मिळते, परंतु ती विषयाच्या नांवावर मिळत नाहीं, हातांतील कसबावर मिळते. सामाजिक पाहणी, शिक्षण, कारखान्यांतील कर्मचारीविभाग, वृत्तपत्र, प्रशासन, समाजकार्य, या सर्व ठिकाणीं आंकडे नीट वाचणारा आणि माणसाशीं नीट बोलणारा लागतो. यांतील पहिलें कसब म्हणजे संख्याशास्त्र. आणि नेमका तोच पेपर चुकवावा म्हणून पुष्कळ विद्यार्थी कलाशाखेंत येतात. त्यांना या जोडविषयांत आश्रय मिळणार नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. दुसरी सूचना मुलींच्या आणि मुलांच्या आयांसाठीं आहे, कारण या बाबतींत घरोघर गैरसमज असतो. मानसशास्त्र घेऊन पदवी मिळाली म्हणजे रोग्यांवर उपचार करतां येतात असें नाहीं. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास पदव्युत्तर प्रशिक्षण आणि १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव लागतें. ज्याचें तेंच ध्येय आहे, त्यानें मानसशास्त्राचा भार कमी होऊं देऊं नये. समाजशास्त्र त्यानें जोडीस घ्यावें, निम्म्यानें घेऊं नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे, तिचा असा उपयोग करतां येतो.

याउपर एक धोका राहतोच. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थी बहुधा दोहोंपैकीं एका शास्त्राच्या आहारीं जातो. मानसशास्त्राच्या आहारीं गेलेल्याला कर्जबाजारी शेतकऱ्याकडे समुपदेशक धाडला कीं काम झालें असें वाटतें. समाजशास्त्राच्या आहारीं गेलेल्याला तोच शेतकरी व्यवस्थेचा बळी म्हणून आंकड्यांत धरला कीं समाधान होतें. त्याला वेळेवर औषध मिळालें असतें तर तो आज जिवंत असता, ही गोष्ट त्याच्या विवेचनांत बसत नाहीं. आणि समितीपुढील कागदाकडे दोघेहि पाहत नाहींत. तो कागद पाहण्यासारखा आहे. १९६७ सालीं जॅक डग्लस यांनीं दुर्खेम यांच्यावर घेतलेला आक्षेप हाच होता कीं, आत्महत्येचे आंकडे म्हणजे आत्महत्या नव्हेत. ते कोणा अधिकाऱ्यानें केलेले निर्णय आहेत. जेथें कुटुंबाला आणि गांवाला त्या मृत्यूची लाज वाटते, तेथें त्याला दुसरें नांव दिलें जातें. मग 'व्यसन' हा शब्द कोणी सुचविला, भावानें कीं तलाठ्यानें? दारू कर्जाच्या आधींची कीं नंतरची? ज्या सावकाराला परवाना नाहीं, त्याचा तगादा कागदावर कसा यावा? या प्रश्नांना एका शास्त्राचा विद्यार्थी उत्तर देऊं शकत नाहीं, कारण ते त्याला सुचतच नाहींत.

ते सुचावे यासाठीं कांहीं अध्यापक विद्यार्थ्याला रिव्हर्स यांच्याच वाटेनें नेतात. त्यास स्वतःच्या घराण्याचा चार पिढ्यांचा तक्ता काढावयास सांगतात. नांव, जन्मगांव, शिक्षण, लग्नाचें वय, मृत्यूचें कारण. पहिल्या दोन पिढ्या एका संध्याकाळीं भरून होतात. तिसऱ्या पिढीपाशीं आजी अडखळते. एका आत्याचें नांव ती घेत नाहीं. एका काकांविषयीं "ते लवकर गेले" एवढेंच म्हणते. विद्यार्थ्यानें तें लिहून घ्यावें, पुन्हां खोदून विचारूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं मावशीला विचारावें. त्या पिढींत विधवा किती होत्या आणि त्यांपैकीं तक्त्यांत किती आल्या, याचा हिशेब समाजशास्त्राच्या वहींत जातो. आजीचा आवाज कोणत्या नांवापाशीं उतरला, हें मानसशास्त्राच्या वहींत. सहा महिन्यांत असा तक्ता पुरा होतो. मात्र आजी हयात असतांनाच तो हातीं घ्यावा लागतो.